दुसरं टोक

असा सरळ कापणारा हात पुन्हा होणे नाही, असं म्हातारा सुतार स्वतःच्या हाताबद्दल उभ्या गल्लीला ऐकवत असे. त्याची एकही फळी सरळ कापली गेली नव्हती, ही गोष्ट वेगळी. काप शेवटाला येताना हमखास डावीकडे बोटभर पळायचा. पण त्याला हात बिचारा काय करणार? फळीचं दुसरं टोक बायको धरायची ना.

"अगं, फळी धरतेस की पाळणा हलवतेस?"

"हलली असेल हो," ती म्हणायची, आणि डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली कागदाची घडी सारून मोकळी व्हायची. चाळीस वर्षं हेच.

ती गेल्यावर मुलाने बाकाला लोखंडी शिकंजा बसवून दिला. म्हाताऱ्याने त्यात फळी आवळली, दोन हिसडे देऊन पाहिले. तसूभर हलेना. "आता बघ, सूनबाई," म्हणत त्याने आखल्या रेघेवर करवत चालवली.

काप शेवटाला डावीकडे बोटभर पळाला.

त्याने दुसरी फळी आवळली. मग तिसरी.

मग बराच वेळ तो भुशातच बसून राहिला. सुनेने आणलेला चहा निवून गेला. शेवटी उठून त्याने शिकंजा सैल केला आणि चौथी फळी नुसतीच बाकावर ठेवली.

"सूनबाई, हे टोक जरा धरतेस?"

"धरलं, बाबा. अगदी घट्ट."

"घट्ट नको गं. जराशी हलव."