मिक्सी लाव गं

“यशू, मिक्सी लाव गं.” आईचा तो आवाज यशस्विनीच्या कानात सहाव्या वर्षापासून होता. ती स्टुलावर चढायची, बटण दाबायची आणि भिंतीकडे तोंड करून उभी राहायची. त्याच वर्षी तिचं अंथरूण ओलं होऊ लागलं, तेव्हा घरच्यांनी दृष्ट काढली. दहाव्या वर्षी रोज सकाळी पोट दुखायचं, म्हणून जंताचं औषध पाजलं. सोळाव्या वर्षी तिचं बोलणंच आटलं. सगळे म्हणाले, वयच तसं असतं.

आता ती अठ्ठावीस वर्षांची, बोगादीला सासरी. आईवडील भेटायला आले होते. सासूबाईंनी स्वयंपाकघरात मिक्सी लावली आणि यशस्विनीच्या हातातला कॉफीचा लोटा निसटला. ती भिंतीकडे वळून उभी राहिली.

“रोजचंच आहे हिचं,” सासूबाई म्हणाल्या. “घरात चटणी वाटायची चोरी झालीय.”

तिचे वडील नागोजीराव हसले. “सुम्मने, उगीचच नाटक हो. आमच्याकडे चटणी फार लागायची. लहानपणी मिक्सी लावून लावून कंटाळलीय.”

आईनं आपला लोटा खाली ठेवला.

“चटणी कुठली? भांडं रिकामं असायचं,” ती नवऱ्याकडे बघत म्हणाली. “तुम्ही मला मारायला लागलात की मीच हिला मिक्सी लावायला सांगायची, शेजाऱ्यांना ऐकू जाऊ नये म्हणून. त्यांना नाहीच गेलं. माझ्या लेकीला अजून ऐकू येतंय.”