पाइपचं दुसरं टोक

ढब्बूला पुरून वर गुलाब लावला, त्याला आज आठवडा झाला होता. माळीकाकांनी पाइपचं तोंड त्या गुलाबाच्या आळ्यात सोडलं, आणि खालून कुणीतरी पाइप ओढला.

काकांच्या अंगावर आनंदाने काटा आला. झाडांना पाणी घालताना पाइप ओढणं हा ढब्बूचाच खेळ!

"अगं, पळत ये! आपलं कुत्रं आलंय!"

काकू ओल्या हातांनी धावल्या. पाइपचं तोंड गुलाबाच्या मुळाशी मातीत शिरलं होतं, आणि काका लहान पोरासारखे हसत ओढत होते. "सोड रे गुलामा, सोड!"

काकू पाइपकडे बघतच राहिल्या.

"अहो, ढब्बू तर हिसके द्यायचा."

हिसके नव्हतेच. विहिरीतून दोर ओढावा तसा, एका हातापुढे दुसरा हात टाकत, कुणीतरी पाइप सावकाश खाली घेत होतं.