आधी कोण उठणार?

“शेवटच्या दिवशी कर्णा वाजेल, ख्रिस्तात निजलेले आधी उठतील, जिवंतांची पाळी नंतर!” कीर्तनात नवऱ्यानं ओळ घोळवली आणि मागे झांज धरणाऱ्या दीनाचा हात थबकला. आधी उठणार म्हणजे शलोमी उठणार, त्याची वारलेली पहिली बायको. माती झटकून, पदर सावरून ती त्याच्या शेजारी जाऊन उभी राहणार, आणि दुसरेपणाची आपण तिथंही मागेच!

जेवताना पाहुणे पाळकसाहेब म्हणाले, “बुवा, आधी-नंतर काही नाही हो. एकच दिवस, सगळे एकदम!” दीनानं खूश होऊन त्यांना रश्श्याची दुसरी वाटी वाढली.

“आणि मला?” नवऱ्यानं विचारलं.

“तुम्हाला तुमची आधी उठणारी वाढेल.”

ईस्टरच्या आदल्या दिवशी तो कबरस्तानात शलोमीच्या कबरीला चुना देऊ लागला, तशी दीना फणकाऱ्यानं पलीकडच्या हातभर कबरीपाशी जाऊन बसली. तिथं तिची तान्ही लेक निजली होती. बसल्या बसल्या तिच्या मनात आलं, एवढा मोठा कर्णा वाजला तर पोर दचकून रडतच उठेल. नवऱ्याच्या कीर्तनातलं खरं निघालं आणि आपली पाळी नंतर आली, तर तोवर तिला उचलणार कोण?

ती उठली. नवऱ्याच्या हातातला कुंचला तिनं ओढून घेतला. “सरका. उशाशी चुना लागलाच नाही नीट.”

मग कबरीवर वाकून ती हळूच म्हणाली, “ताई, उठा हो तुम्हीच आधी. लेक रडली तर घ्या. पण मी आले की लगेच परत द्यायची.”