उताराच्या तोंडाशी

"ब्रेक उशिरा लागतोय," ड्रायव्हर हणमंतने सकाळीच सांगितलं होतं.

डेपो मॅनेजर म्हणाले, "आज गप्प बस बाबा. गाडीत साहेब लोक आहेत."

शहराच्या बससेवेचा नवा प्रमुख निवडायचा होता. निवड समिती दोन्ही उमेदवारांना घेऊन बसमध्ये बसली. टेकडीच्या उतारावर ब्रेक पायाखाली नुसता आत जात राहिला. हणमंतने हँडब्रेक खेचला. तेवढ्यात घंटा वाजली. त्याच्या मागेच बसलेल्या उमेदवार बाईंनी त्याची धडपड बघून घंटेची दोरी ओढली होती. गाडी कशीबशी कडेला थांबली.

"ही गाडी आधी दुरुस्तीला न्या," म्हणत बाई खाली उतरल्या.

दुसरे उमेदवार घड्याळ बघत हसले. "मॅडम घाबरल्या."

संध्याकाळी निवड झाली ती त्या हसणाऱ्यांची.

दुसऱ्या दिवशी हणमंतला तीच गाडी मिळाली, दुरुस्ती न होताच. उभ्या प्रवाशांनी ती गच्च भरली होती. उताराच्या तोंडाशी त्याने गाडी थांबवली, इंजिन बंद केलं. मागून ओरडा सुरू झाला.

कंडक्टर शेवंता गर्दीतून पुढे आली. "हणमंतभाऊ, नोकरी जाईल तुमची."

"फक्त नोकरीच जाईल," तो म्हणाला.