शेवटची दोन मिनिटं

कॅप्टनचा पाचवा फाउल झाला. बास्केटबॉलमध्ये पाच फाउल म्हणजे बाहेर. सगळ्या पोरी जिला ताई म्हणतात ती कॅप्टन कमरेवर हात ठेवून क्षणभर पंचाकडे बघत राहिली, मग बाकावर येऊन बसली. फलकावर दोन्ही संघांचे आकडे सारखे. उरली होती दोन मिनिटं. जिंकलं तर देशाचा संघ पहिल्यांदाच जागतिक स्पर्धेला जाणार होता. हरलं तर नेहमीप्रमाणे घरी बसून टीव्हीवर बघणार होता.

प्रशिक्षक मॅडमनी राखीव पोरींवरून नजर फिरवली. टोकाला शेपूट नावाची पोर जाकीट काढून केव्हाची उभी होती.

शेपूट हे नाव काही तिच्या आईने ठेवलेलं नव्हतं. संघ चाळीस-चाळीस गुणांनी मार खायचा तेव्हाची ती रीत: दोन मिनिटं उरली की मॅडम म्हणायच्या, "जा गं पोरींनो, तुम्हीही पाय मोकळे करून या." हातचा गेलेला सामना, कोण खेळलं काय नि कोण नाही काय! अशी ती प्रत्येक सामन्याच्या शेपटाला खेळली, म्हणून शेपूट. पुढे संघाचे दिवस पालटले. समोरच्या भल्याभल्यांना घाम फुटायला लागला, सामने शेवटपर्यंत अटीतटीचे व्हायला लागले आणि तिची दोन मिनिटं गेली ती गेलीच. संघ जिंकला की सगळ्यांत मोठ्याने ओरडायची ती, आणि खोलीवर जाऊन रडायचीही तीच. आजसुद्धा घड्याळ बघून जुन्या सवयीने उभी राहिली होती, वेडी!

"तू?" मॅडम म्हणाल्या.

"मग कोण? शेवटची दोन मिनिटं आजवर मीच खेळत आलेय, मॅडम. ह्यांना काय कळतंय त्यातलं?"

घाम पुसतापुसता ताईला हसू फुटलं. "खरंय तिचं. पाठवा."

समोरच्या संघाने ही कोण नवीन म्हणून तिला एकदा न्याहाळलं आणि सोडून दिलं. तिच्यावर धड कुणी लक्षही ठेवेना. त्यांनी एक बास्केट केली, इकडून एक झाली, पुन्हा बरोबरी. अगदी शेवटी शिडीने, म्हणजे संघातल्या सगळ्यांत उंच पोरीने, चेंडू सरळ तिच्या हातात दिला. शेपूट रिंगखाली घुसली, उडाली आणि एका धिप्पाड बाईचा हात तिच्या खांद्यावर आदळला. शिट्टी. घड्याळात उरला जेमतेम एक सेकंद. दोन फ्री थ्रो, कुणी आडवं न येता.

पहिला चेंडू रिंगच्या कडेवर नाचला, नाचला आणि एकदाचा आत पडला. एका गुणाची आघाडी.

दुसरा चेंडू हातात घेऊन ती वर प्रेक्षकांकडे बघतच राहिली.

"काय झालं गं?" शिडीने दबक्या आवाजात विचारलं.

"अगं, बघ ना. सगळे बसलेत."

तिच्या दोन मिनिटांत घरच्या सामन्यालासुद्धा लोक पिशव्या उचलून दाराकडे निघालेले असायचे.

"मग काय नाचू देत? टाक, बाई!"

तिने टाकला. चेंडू कडेला न शिवता जाळीतून सरळ खाली आला, आणि तेव्हा मात्र सगळे उठले.