काळा धूर

चढाच्या पहिल्याच वळणावर ड्रायव्हरने मान बाहेर काढून इंजिनाच्या धुरांड्याकडे पाहिलं आणि त्याच्या तोंडाची चवच गेली. धूर काळाकुट्ट निघत होता.

"भट्टीत काय कोंबतोयस?"

"कोळसाच, दाजी." मेहुण्याने फावडं थांबवलं नाही. तोच त्याचा फायरमन. "जरा सढळ हाताने. साहेबांनी सांगितलंय. वरच्या वळणावर कॅमेरेवाले उभे आहेत, त्यांना काळा धूर हवाय."

"गाढवा, काळा धूर म्हणजे कोळसा अर्धा कच्चाच. वाफेचा दाब पडेल."

"पुढच्या आठवड्यात डिझेलचं इंजिन येतंय. आता कसली वाफ नि कसलं काय!"

ड्रायव्हरला किळस आली. साहेबाची आलीच, पण त्याहून जास्त या माणसाची. मेहुण्याला फावडं धरायला त्याने स्वतःच शिकवलं होतं. मागे सिमेंटने भरलेले डबे होते. या चढावर त्याची मालगाडी आजवर कधी अडकली नव्हती, आणि शेवटच्या फेरीपर्यंत अडकू द्यायची नाही, एवढी एकच हौस त्याला उरली होती.

दाबाचा काटा खाली खाली येत गेला. वरच्या वळणावर गाडीला धाप लागली आणि ती थांबली, ती नेमकी कॅमेऱ्यांसमोर. चाकं घसरू नयेत म्हणून त्याने रुळांवर वाळू सोडली, होती नव्हती ती वाफ दिली. चाकं जागच्या जागी गरगरली, ठिणग्या उडाल्या, इंजिन गदगदा हललं. चारचौघांत कुणीतरी आपली विजार खाली ओढावी तसं त्याला झालं.

वरून टाळ्या पडल्या. कुणी शिट्टीही मारली.

"मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणारे लेकाचे," तो पुटपुटला आणि खिडकीतून थुंकला. मग मेहुण्याच्या हातातलं फावडं हिसकावून त्याने स्वतः भट्टी सारखी केली. बऱ्याच वेळाने काटा वर सरकला. आता गाडी हलली असती.

तेवढ्यात कॅमेरा सावरत एक बाई पायरीपाशी आली.

"काका, काय सुंदर दिसलं हो! पण नेमका ढग आला मध्ये. थोडी मागे घेऊन पुन्हा तश्शीच अडकवाल का?"

ड्रायव्हरने मेहुण्याकडे पाहिलं. त्याने फावडं परत उचललं होतं, भरलंही होतं.

"घ्या की मागे, दाजी," तो म्हणाला. "एकदा अडकलोच आहोत."