उद्या उमलणारी कळी

तिसरं फूलही सरांच्या चिमट्यात चुरगळलं. अख्खी बारावी टेबलाभोवती वाकून बघत होती आणि मी दाराबाहेर उभी होते. "उशिरा येणाऱ्याला मी आत घेत नाही," हे सरांचं रोजचं वाक्य. असे आणखी चार तास बुडाले असते, तर हजेरी कमी पडून मला परीक्षेलाच बसता आलं नसतं.

जीवशास्त्राचा अभ्यासक्रम यंदा बदलला होता. आजवर संकराची आकृती पाठ करून काढली की गुण मिळायचे. आता परीक्षकांसमोर टोमॅटोच्या फुलातले पुंकेसर स्वतः काढायचे आणि ते का काढायचे, हेही सांगायचं. सरांनी हे बावीस वर्षं फळ्यावर शिकवलं होतं. हाताने कधीच केलं नव्हतं.

"सर, ते फूल उमललंय. त्याच्यात त्याचेच पराग पडलेत," मी दारातून म्हणाले. "उद्या उमलणारी कळी घ्या."

वर्ग हसला. सर हसले नाहीत. त्यांनी चिमटा पुढे केला. "ये, कायंदे."

मी कळी निवडली. पुंकेसरांचा पिवळा सुळका अलगद, अख्खा निघून आला. मधला स्त्रीकेसराचा हिरवा दांडा ताठ राहिला. आमच्या शेतातल्या शेडनेटमध्ये, जाळीच्या मांडवात, संकरित बियाण्यासाठी मी रोज संध्याकाळी अशा दोनशे कळ्या सोलते आणि सकाळी त्यांना दुसऱ्या जातीचे पराग लावते. म्हणून तर उशीर होतो.

"उद्या सगळी बारावी हिच्या शेडनेटवर," सर म्हणाले. "कायंदे, किती वाजता यायचं?"

"संध्याकाळी पाचला," मी म्हणाले. "आणि सर, उशिरा येणाऱ्याला मी आत घेत नाही."